गव्हाण, रहाटगाडगे आणि नाकतोडा : कारखान्यात माल कसा चालतो



दिवाळी झाली की आपल्या भागातले रस्ते उसाने भरून जातात. भालकीला जा, हुमनाबादला जा, नाहीतर आळंदच्या वाटेने जा. पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या मागे रखडलेली आपली बस, हे चित्र ठरलेलेच. याच दिवसांत वर्तमानपत्रात एक फोटो येतो. पाहुणे, नारळ, हळदकुंकू आणि खाली ओळ : 'गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ.'

नववीच्या वर्गात आम्ही विचारले, गव्हाण म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आले, "गोठ्यात जनावरांना चारा टाकतात ती." अगदी बरोबर. मग कारखान्यात कोणते जनावर बांधले आहे? वर्ग हसला, पण उत्तर कोणी दिले नाही. म्हणून गेल्या हंगामात आम्ही नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन एक साखर कारखाना पाहून आलो. तेथे जे पाहिले आणि परत आल्यावर वर्गात जे गणित केले, ते या पाठात मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. कारखान्यात दोन प्रकारचा माल असतो. एक मोजायचा : खोकी, बाटल्या, सायकली. दुसरा वजनाने घ्यायचा : ऊस, कोळसा, दगड, तूर, सिमेंट, साखर. हा दुसरा म्हणजे सुटा माल. तो एका जागेहून दुसऱ्या जागी सतत, न थांबता नेणाऱ्या यंत्राला कन्व्हेयर म्हणतात. पुस्तकात 'वाहक' किंवा 'वाहक पट्टा' असा शब्द भेटेल. कारखान्यात मात्र मराठी बोला, कन्नड बोला की हिंदी, 'बेल्ट' हा शब्द तिन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे तेथे गेल्यावर कोणाची अडचण होत नाही.

आता 'सतत' या शब्दाचे वजन पाहा. दिवसाला २,४०० टन ऊस गाळणारा एक कारखाना धरा. म्हणजे तासाला १०० टन. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून १५ टन ऊस धरला, तर नऊ मिनिटांना एक ट्रॅक्टर रिकामा झाला पाहिजे, रात्रीसुद्धा. हाच ऊस २५ किलोच्या मोळ्या करून डोक्यावरून न्यायचा ठरवला तर तासाला ४,००० मोळ्या होतात. सेकंदाला एकीपेक्षा जास्त! एवढी माणसे एका दारातून आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर यायची म्हटले, तर त्यांचीच गर्दी आवरणार नाही. कन्व्हेयर ही चैनीची वस्तू नाही, ती नसेल तर मोठा कारखाना उभाच राहत नाही, हे या एका हिशेबावरून कळते.

तर गव्हाण. कारखान्यात पाहिली तेव्हा कळले की ही गव्हाण चालती आहे. गोठ्यातली गव्हाण जागेवर असते आणि जनावर तोंड घालते. येथे गव्हाणच चारा घेऊन तोंडाकडे जाते. दोन्ही बाजूंना जाड पोलादी साखळ्या, त्यांवर आडव्या बसवलेल्या पोलादी पट्ट्या आणि ती सगळी चालती जमीन हळूहळू चढ चढते आहे. इंग्रजी नाव केन कॅरियर. क्रेनने उचललेला उसाचा भारा वरून धाडकन तिच्यावर पडतो. तेथे रबराचा पट्टा असता तर पहिल्या आठवड्यातच फाटला असता. म्हणून पोलाद. चढ चढताना वाटेत फिरत्या सुऱ्या उसाचे तुकडे करतात आणि पुढे त्याचा पार भुगा, म्हणजे तंतू तंतू होतात.

हा पिंजलेला ऊस मग काही अंतर रबरी पट्ट्यावरून जातो आणि त्या पट्ट्याच्या वर एक मोठे लोहचुंबक टांगलेले असते. मुलांना वाटले तेथे काहीतरी तपासणी चालते. तपासणीच ती : उसाबरोबर आलेला विळा, नट, साखळीचा तुकडा चुंबक वर ओढून घेते, नाहीतर पुढे चरकाच्या रोलरचे दात जातात. आपल्या शेतातून चुकून गेलेला एखादा विळा एवढा मोठा कारखाना काही तास बंद पाडू शकतो, हे ऐकून दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कोणाच्या घरचा विळा हरवला होता ते आम्ही विचारले नाही.

एका चरकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उसाचा चोथा तिरका वर चढवावा लागतो. येथे पट्टाही नाही आणि पोलादी जमीनही नाही. येथे आहे दंताळे. खाली स्थिर पत्र्याची पन्हळ आणि तिच्यात साखळीला जोडलेली दाते असलेली आडवी दांडकी चोथ्याला ओढत, खरवडत वर नेतात. शेतात दंताळ्याने काडीकचरा ओढतो, तसेच. रस काढून शेवटी जो चोथा उरतो तो म्हणजे बगॅस. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघते आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. आपल्या तासाला १०० टनांच्या कारखान्यात तासाला सुमारे ३० टन बगॅस निघणार. ती बॉयलरकडे जाते, जळते, वाफ करते आणि त्या वाफेवर पुन्हा चरक चालतात. जास्तीची बगॅस पट्ट्यावरून बाहेरच्या ढिगाकडे जाते. त्या पट्ट्याजवळ आम्ही पुन्हा येणार आहोत.

शेवटी साखर. फिरत्या गाळण्यांतून पांढरे, ओलसर, गरम दाणे खाली पडतात आणि जेथे पडतात ते यंत्र मुलांना सगळ्यांत जास्त आवडले. एक लांबच लांब उथळ ताट, तिरप्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर उभे केलेले आणि ते सारखे थरथरते. दर थरथरीला साखरेचा प्रत्येक दाणा किंचित वर उडतो आणि किंचित पुढे पडतो. पुन्हा उडतो, पुन्हा पडतो. ताट जागेवरच आहे, साखर मात्र उड्या मारत चालली आहे! याचे नाव ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा. दाण्याला दाणा घासत नाही म्हणून तो फुटत नाही आणि हवेत उडता उडता वाळतो, निवतो. पुढे ही साखर उभ्या डब्यातून सरळ वर चढते. साखळीला किंवा पट्ट्याला ओळीने बादल्या बसवलेल्या. खाली भरायच्या, वर जाऊन उलटायच्या, रिकाम्या खाली यायच्या. हे तर रहाटगाडगेच. जुन्या विहिरींवर बैल फिरायचे आणि मडक्यांची माळ पाणी वर आणायची, त्याचे लोखंडी भावंड. कारखान्यात त्याला बकेट एलिव्हेटर म्हणतात. वर चाळण्या असतात, तेथे दाण्याच्या आकाराप्रमाणे एल, एम, एस असे प्रकार वेगळे होतात आणि खाली ५० किलोच्या पोत्यात भरले जातात. पूर्वी हेच पोते १०० किलोचे असे आणि ते माणसाच्या पाठीवरून जाई. तुमच्यापैकी काहींच्या आजोबांनी ती वाहिली असतील. घरी विचारा.

येथे दहावीतल्या एका मुलीने चांगला प्रश्न विचारला. एवढी पाच-सहा तऱ्हेची यंत्रे कशाला? एकच पट्टा गव्हाणीपासून पोत्यापर्यंत का नेत नाहीत?

या प्रश्नातच आजचा पाठ आहे. यंत्र माणूस ठरवत नाही, माल ठरवतो. माल जड आहे का, वरून आदळतो का, तंतुमय आहे का, गरम आहे का, चिकट आहे का, फुटका आहे का, धूळ उडते का, ही चौकशी आधी होते आणि मग यंत्र निवडले जाते. बगॅस बादलीत भरली तर तंतू एकमेकांत गुंतून वर गेल्यावर बाहेरच पडणार नाही, म्हणून तिला दंताळे. साखर दंताळ्याने ओढली तर दाण्याचे पीठ होईल, म्हणून तिला नाकतोडा. आणि ऊस नाकतोड्यावर टाकला तर नाकतोड्याची कंबरच मोडेल!

हेच आपल्या शेजारच्या भागात, अगदी दुसऱ्या मालावर पाहू. उत्तरेकडची काळी जमीन सोडून कलबुर्गीच्या पलीकडे शहाबाद, वाडी, मळखेड, सेडमकडे निघालो की खाली चुनखडीचा दगड लागतो. भीमा आणि कागिणा नद्यांच्या या खोऱ्यातला हा दगड तुमच्या पायाखाली रोज असतो, कारण शहाबादी फरशी ती हीच. महाराष्ट्रात पुण्या-मुंबईच्या घरांतही लोक 'शहाबादी' म्हणतात, पण शहाबाद कोठे आहे हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे. याच दगडामुळे निजामाच्या राज्यात शहाबादला सिमेंटचा कारखाना आला आणि पुढे वाडी, मळखेड व सेडम येथे मोठे कारखाने उभे राहिले. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. इतिहासाच्या तासाला ते नाव येते, आज ते विज्ञानाच्या पाठात आले.

खाणीत फोडलेला दगड रबरी पट्ट्यावरून येतो. दगड थंड, सुटा, तंतू नसलेला. पट्ट्याला याच्यासारखा सोयीचा माल नाही. तो दळून भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की गोट्यांसारखे क्लिंकर तयार होते. थंड करून बाहेर काढले तरी ते चांगलेच गरम असते आणि कधी निखाऱ्यासारखे लालही येते. रबर तेथे टिकणार नाही. म्हणून साखळीवर पोलादी तसराळ्या, एकीत एक अडकवलेल्या. गव्हाणीची ही चुलत बहीण. मग क्लिंकर जिप्समबरोबर दळले की झाले सिमेंट, म्हणजे हाताला लागणार नाही इतकी बारीक पूड. हिला उघड्या पट्ट्यावर टाकले तर अर्धी वाऱ्याने गावात जाईल. हिच्यासाठी जे यंत्र आहे त्यात हलणारा एकही भाग नाही. एक बंद लांबट पेटी, मध्ये जाड सच्छिद्र कापड, खालून हळुवार हवा आणि पेटीला सहा ते आठ अंशांचा उतार. हवा कणांमध्ये शिरली की पूड पाण्यासारखी वाहू लागते आणि उताराने आपोआप पुढे जाते. एअर स्लाइड म्हणतात तिला. बिदरजवळ नौबादची कारेझ, आपण जिला सुरंगबावी म्हणतो, ती पाहायला गेलो होतो ते आठवा. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, जमिनीखाली बोगदा खणून त्याला नेमका उतार दिला आणि पाणी आपल्या पायांनी चालत आले. फुकटात काम करणारा मजूर एकच, गुरुत्वाकर्षण. तो तेव्हाही कामाला होता आणि सिमेंटच्या कारखान्यातही आहे.

आणखी एक यंत्र राहिले, ते पाहायला दूर जायला नको. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरात व आसपास डाळ मिलची रांग आहे. मिलमध्ये तुरीला तेलाचा हात द्यावा लागतो, तरच साल सुटते. हे तेल लावण्याचे काम करतो स्क्रू. पन्हळीत आडवा दांडा, दांड्याभोवती पत्र्याची नागमोडी पाती. दांडा फिरला की तूर पुढेही सरकते आणि कालवलीही जाते. किसणीयंत्रात किंवा शेवयांच्या यंत्रात जो मळसूत्री दांडा असतो तो हाच. कल्पना जुनी आहे, आर्किमिडीजच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या माणसाने १७८० च्या दशकात बादल्यांचे रहाटगाडगे आणि हा स्क्रू एकत्र जोडून गिरणी अशी बांधली की धान्य एकीकडून आत आणि पीठ दुसरीकडून बाहेर, मध्ये कोणी पोते उचलायचे नाही. रबरी पट्टा त्याच्या शंभर वर्षांनंतरचा. एडिसनच्या लोहखनिजाच्या कामावर कॅनव्हासचे पट्टे झिजून जात. टॉमस रॉबिन्स या तरुणाने १८९२ च्या सुमारास त्यावर रबराचा जाड थर चढवला आणि तो टिकला. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला मोठे पारितोषिक मिळाले.

आता पट्ट्याचे गणित. दहावीच्या मुलांनी वही घ्यावी.

पट्टा सपाट नसतो. खाली तीन-तीन रोलर असे बसवतात की पट्ट्याच्या कडा वर उचलल्या जाऊन त्याची पन्हळ होते, माल सांडत नाही. मालाचा आडवा छेद ०.०५ चौरस मीटर धरा, म्हणजे वहीच्या उघडलेल्या पानापेक्षा मोठा नाही. पट्ट्याचा वेग सेकंदाला २ मीटर. फोडलेल्या चुनखडीचे सुटे वजन घनमीटरला १.४ टन. एका सेकंदात ०.०५ × २ = ०.१ घनमीटर माल पुढे गेला. वजन ०.१४ टन. ३,६०० ने गुणा : तासाला ५०४ टन. दहा टनांचे पन्नास ट्रक, दर तासाला, आणि चालक एकही नाही.

हा माल २० मीटर वर चढवायला किती शक्ती लागेल? ५०० टन धरू. कार्य = वस्तुमान × ९.८ × उंची. ५,००,००० × ९.८ × २० = ९,८०,००,००० ज्यूल. त्याला ३,६०० सेकंदांनी भागा. सुमारे २७,२०० वॅट, म्हणजे २७ किलोवॅट. घर्षणासाठी आणखी काही लागेल ते वेगळे. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा.

पट्टा किती उभा चढवता येतो? फोडलेल्या दगडासाठी साधारण १८ अंशांपर्यंत. त्यापुढे माल घरंगळू लागतो. १८ अंशांनी २० मीटर चढायचे तर पट्टा सुमारे ६५ मीटर लांब हवा (२० भागिले साइन १८). जागा तेवढी नसेल तर रहाटगाडगे, ते सरळ उभे जाते. आणि पट्टा घसरत का नाही? बिथरलेल्या बैलाचे दावे नुसते हातात धरले तर तो ओढून नेतो, पण खुंट्याला दोन वेढे दिले की एक पोरगाही धरून ठेवतो. फिरवणाऱ्या ढोलावर पट्ट्याचा वेढा जितका मोठा, तितकी पकड घट्ट. पट्टा सैल पडू नये म्हणून त्याच्या एका वळणाला वजन टांगलेले असते, ते सतत ताण देत राहते. तेव्हा पट्टा हा दोन ढोलांमध्ये ताणून बसवलेला असतो आणि ढोलाशी त्याची पकड माणसाच्या ताकदीने सुटणारी नसते. हेही लक्षात ठेवा.

असे पट्टे जोडत गेले तर किती लांब जाऊ शकतात? पश्चिम सहारात बू-क्रा येथल्या खाणीतून फॉस्फेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणारी पट्ट्यांची साखळी सुमारे १०० किलोमीटर आहे. बिदरपासून कलबुर्गी जवळपास एवढेच! आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण मेघालयाचे. तेथल्या खासी टेकड्यांतली चुनखडी सुमारे १७ किलोमीटरच्या पट्ट्यावरून सीमा ओलांडून बांगलादेशातल्या छातक येथल्या सिमेंट कारखान्यात जाते. दगड एका देशात, भट्टी दुसऱ्या देशात. जंगलाच्या परवानगीच्या प्रश्नावरून २०१० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हा तो पट्टाही थांबला. जुलै २०११ मध्ये परवानगी मिळाली. आपण सीमाभागात राहणारी माणसे, सीमेवरून कागद सरकायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे. दगड मात्र तेथे मिनिटाला शेकडो फूट सरकतो.

आता त्या बगॅसच्या पट्ट्याकडे परत जाऊ.

कारखाना दाखवायला आमच्याबरोबर एक ज्येष्ठ कामगार होते. मुले त्यांना काका म्हणत होती. सगळीकडे ते उजव्या हाताने दाखवत होते, डावा हात सदऱ्याच्या खिशात. त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आल्यावर त्यांनी तो हात बाहेर काढला. मनगटाच्या पुढे काही नव्हते. मुले गप्प झाली. त्यांनी सांगितले ते आम्ही जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो.

"ह्या कारखान्यातलं न्हाई ह्ये, दुसरीकडं हुतो तवाचं. ढोलाला बगॅस चिकटली की पट्टा एका बाजूला पळतो. बंद करून साफ करायचं म्हनलं तर वरून फोन येतो, का थांबला म्हनून. मग आमी काडीनं चालू पट्ट्यावरच खरवडायचो. त्या दिवशी काडी आत गेली. सोडली असती तर गेली असती नुसती काडी."

एका मुलाने विचारले, "काका, थांबवायची दोरी नव्हती का?"

"हुती की. पर सारखी लागून पट्टा बंद पडायचा म्हनून कोनीतरी तारेनं वर बांधून ठिवली हुती. मीबी रोज बघत हुतो. कंदी सोडली न्हाई."

ही दोरी म्हणजे पुल कॉर्ड. मोठ्या पट्ट्याच्या कडेने सबंध लांबीभर ताणलेली असते. कोठूनही ओढली की मोटार बंद. आम्ही ती त्या दिवशी पाहिली, लाल रंगाची, हाताच्या उंचीवर आणि मोकळी. तेथून निघताना काकांनी प्रत्येक मुलाला तिला हात लावायला लावला, ओढायची नाही, फक्त कोठे आहे ते हाताला कळावे म्हणून.

'सोडली असती तर' हे त्यांचे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. माणूस काडी का सोडत नाही? निष्काळजी असतो म्हणून? परत आल्यावर वर्गात आम्ही याचा प्रयोग केला. साहित्य : ३० सेंमीची पट्टी. एकाने पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेशी अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. जितके सेंटिमीटर पट्टी निसटली त्यावरून वेळ काढता येतो, कारण पडणाऱ्या वस्तूचे सूत्र आपल्याला येते : काळ = दुप्पट अंतर भागिले ९.८, त्याचे वर्गमूळ. अंतर मीटरमध्ये घ्यायचे. २० सेंमीला पकडली तर ०.२० सेकंद. ३० सेंमीला पकडली तर ०.२५ सेकंद.

आता सेकंदाला २ मीटर वेगाच्या पट्ट्याशी ही वेळ गुणा. ०.२० सेकंदात पट्टा ४० सेंमी पुढे जातो. ०.२५ सेकंदात ५० सेंमी. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण ४५ सेंमी असतो. म्हणजे काहीतरी ओढले जात आहे हे कळून मूठ उघडेपर्यंत कोपर आत गेलेले असते. आणि हे प्रयोगात, जेथे आपण तयारीत उभे असतो. रात्रपाळीच्या पहाटे चार वाजता, कामाच्या नादात, याच्या दुप्पट वेळ लागला तर नवल नाही. मग मागे ओढून काढता येईल का? मघाचा २७ किलोवॅटचा आकडा काढा. जोर लावून माणूस क्षणभर एक किलोवॅटच्या आसपास शक्ती लावू शकेल. शिवाय वेढ्याची पकड. तेव्हा ही चपळाईची किंवा ताकदीची गोष्ट नाही. गणिताने तेथे माणूस हरतोच.

पट्टा जेथे रोलरवर किंवा ढोलावर चढतो ती चिमट्यासारखी जागा, हात खातो तो तेथेच. मधल्या मोकळ्या पट्ट्यावर नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने अशा जागांना पक्के कुंपण घालायला लावले आणि चालत्या यंत्राजवळ अगदी टाळता न येणारे काम असेल तर ते फक्त शिकवलेल्या प्रौढ माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावे असे म्हटले. जाळी काढून ठेवलेला ढोल आणि तारेने बांधलेली दोरी या दोन गोष्टी दिसल्या तर तो पट्टा चालायच्या लायकीचा नाही, मग मालक कोणी का असेना. साफसफाई करायची तर मोटार बंद करून, स्विचला कुलूप लावून आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवून. चढाचा पट्टा बंद केल्यावरही वरच्या मालाच्या वजनाने उलटा घसरू शकतो, म्हणून त्याला उलट फिरू न देणारी खीळ असते. ती ठीक आहे का ते आधी पाहतात.

तुमच्यापैकी कितीजण आयटीआयला, डिप्लोमाला जाल, साखरेच्या, सिमेंटच्या किंवा डाळीच्या कामावर लागाल. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. सोयाबीन आणि तुरीच्या राशीच्या वेळी तुमच्या शेतावर मळणीयंत्र येते. त्याचा मोटारीकडचा पट्टा, पुलीजवळची जागा, पेंढी आत ढकलायचे तोंड, हे सगळे तेच आहे. तेथे तर दोरीही नसते. आईचा पदर, वडिलांच्या धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल, हे पट्ट्याला उसासारखेच. घरी हे गणित करून दाखवा, नुसते 'जपून' म्हणण्यापेक्षा पट्टीचा प्रयोग जास्त पटतो.

दोन कामे देत आहोत. पहिले, घरी ज्वारी, तूर, साखर आणि वाळू यांचा कागदावर हळूहळू धार सोडून ढीग करा. ढिगाची उंची आणि तळाचा व्यास मोजा. उंची भागिले अर्धा व्यास म्हणजे ढिगाच्या कोनाचे टॅन. उंची ६ सेंमी आणि व्यास २४ सेंमी आला तर टॅन ०.५, कोन सुमारे साडेसव्वीस अंश. कोणाचा ढीग जास्त उभा राहतो आणि वाळू ओली केल्यावर कोन बदलतो का, ते लिहा. पट्ट्यावर माल किती उंच रचता येईल हे अभियंते याच मापावरून ठरवतात.

दुसरे, पट्टीचा प्रयोग. प्रत्येकाने पाच वेळा करून सरासरी काढायची आणि विज्ञानाच्या खोलीत लावलेल्या तक्त्यावर आपल्या नावापुढे दोन आकडे लिहायचे : पट्टी किती सेंमीला पकडली आणि तेवढ्या वेळात पट्टा किती पुढे गेला असता. आतापर्यंत सर्वांत कमी अंतर नववीतल्या खो-खो खेळणाऱ्या एका मुलीचे आहे, १४ सेंटिमीटर. तिच्या नावापुढचा दुसरा आकडा ३४ आहे.